चिनी बैठकीचे ध्वनिमुद्रण ते मराठी टिपण: यंत्राकडून सारांश काढण्याची पद्धत

दीड तासाचे मँडरिन संभाषण एखाद्या ॲपवर चढवायचे, मिळालेल्या इंग्रजी सारांशाचे मराठी करायचे आणि ते वरिष्ठांना पाठवून मोकळे व्हायचे. चीनमधून यंत्रे किंवा सुटे भाग मागवणाऱ्या कार्यालयांत काम सर्रास असेच उरकले जाते. टिपण वाचायला गुळगुळीत असते, आणि खरी अडचण तीच आहे. माणूस समजले नाही की अडखळतो, विचारतो. यंत्र मात्र ऐकू न आलेला आकडाही ठणकावून लिहिते.

इथली पद्धत दोन नियमांवर उभी आहे. सारांश चिनीतच काढायचा, मराठी सर्वांत शेवटी. आणि सारांशातल्या प्रत्येक ओळीसमोर मूळ ध्वनिमुद्रणातली वेळ मिनिट-सेकंदासह असलीच पाहिजे. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीइतकी चिनी येणाऱ्याला बहुतेक काम एकट्याने जमते. अजिबात येत नसेल तर पडताळणीला जाणकार माणूस लागेल, तो खर्च आधीच धरून चाला.

परवानगीचेही आधीच पाहा. चीनचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे आणि आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. समोरच्याला सांगून रेकॉर्ड करा. भावाची, कराराची बोलणी असतील तर फाइल कुठल्याही ऑनलाइन सेवेला न देता स्वतःच्या संगणकावर चालणारी साधने वापरा. खाली सांगितलेली मुख्य साधने तशी चालतात.

पायरी १: ही नेमकी कोणती चिनी?

मँडरिन, कँटोनीज, शांघायकडची वू, फूजियान-तैवानकडची मिन, हक्का या सगळ्यांना आपण सरसकट ‘चिनी’ म्हणतो. बोलताना त्या एकमेकींना कळत नाहीत. ग्वांगडाँग किंवा हाँगकाँगचे कँटोनीज संभाषण मँडरिन समजून यंत्राला दिले तर ते तक्रार करत नाही, मँडरिनसारखा दिसणारा, अर्धा अंदाजाने रचलेला मजकूर देते. बोललेले लिहून देणाऱ्या ओपनएआयच्या व्हिस्पर या साधनाने नोव्हेंबर २०२३ च्या तिसऱ्या मोठ्या आवृत्तीत कँटोनीजला वेगळे स्थान दिले. अलिबाबाच्या सेन्सव्हॉइस या तशाच साधनातही ती वेगळी निवडता येते. भाषा ओळखण्याचे काम यंत्रावर सोडू नका, स्वतः ठरवून द्या.

सुरुवातीची पाच मिनिटे ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका. मधले आणि शेवटचेही तुकडे ऐका. बैठकीत आपल्याशी शुद्ध मँडरिन बोलणारे दोघेजण आपसात कुजबुजताना गावाकडच्या बोलीत शिरतात, आणि नेमके तेव्हाच भावाचे बोलणे चाललेले असते. तिथे यंत्र काय वाटेल ते लिहिते. अशा जागांवर ‘बोली, अस्पष्ट’ अशी खूण करून त्या सारांशातून वगळा.

पायरी २: आवाजाची तयारी

एफएफएमपेग या मोफत साधनाने फाइल १६ किलोहर्ट्झ, एका चॅनेलच्या वेव्ह स्वरूपात आणा. ही यंत्रे याच दरावर शिकलेली असतात. फोनवरचे रेकॉर्डिंग मुळात ८ किलोहर्ट्झचे असेल तर दर वाढवून त्यात नवे काही येत नाही, पण चालते. दोन्ही बाजूंचे आवाज वेगवेगळ्या चॅनेलवर असतील तर मात्र ते एकत्र करू नका. वेगळे ठेवून वेगळे लिहवून घेतले की कोण बोलले हा प्रश्न फुकटात सुटतो.

गोंगाट काढणारी साधने जपून वापरा. ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक ज्या वरच्या कंपनांत असतो, तीच ती आधी कापतात. चिनीत हा फरक किती महागात पडतो ते पुढे येईलच.

वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, पण चीनमधल्या सहकाऱ्याकडून तिथले व्हॉइस मेसेज फाइल म्हणून येतात. एकेक मेसेज जास्तीत जास्त ६० सेकंदांचा असतो आणि आवाज सिल्क नावाच्या स्वरूपात साठवलेला असतो, त्यामुळे नेहमीचे प्लेअर तो उघडत नाहीत. आधी त्याचे वेव्ह करा, मग पाठवल्याच्या क्रमाने जोडा. क्रम चुकला तर उत्तर प्रश्नाच्या आधी येईल आणि सारांश उलटा होईल.

पायरी ३: लिहून घेणे

व्हिस्पर बहुतेकांना माहीत आहे. ते सप्टेंबर २०२२ मध्ये ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकून आले. चिनीसाठी मी आधी फनएएसआरकडे वळतो. अलिबाबाच्या संशोधकांच्या या संचात पॅराफॉर्मर हे लिहिणारे मॉडेल, शांतता ओळखून आवाजाचे तुकडे पाडणारे मॉडेल, विरामचिन्हे घालणारे आणि बोलणारे वेगळे करणारे अशी मॉडेले एकत्र मिळतात. त्याला खास शब्दांची यादीही देता येते: कंपनीचे नाव, माणसांची नावे, मालाचे प्रकार. ही यादी करायला अर्धा तास लागला तरी तो सत्कारणी लागतो.

संभाषणात इंग्रजीची भेसळ जास्त असेल तर व्हिस्पर बरे पडते. मात्र त्याच्या तीन खोडी सांभाळाव्या लागतात. ते आवाज ३० सेकंदांच्या खिडक्यांतून ऐकते, आणि खिडकीत नुसती शांतता असली की त्यात शब्द भरते. चिनीत अशा वेळी ‘लाइक करा, सबस्क्राइब करा’ अशी वाक्ये किंवा सबटायटल कोणी केले याची श्रेयओळ उमटते, कारण ते इंटरनेटवरच्या व्हिडिओंच्या सबटायटलांवर वाढले आहे. उपाय म्हणजे शांत तुकडे आधीच काढून टाकणे. दुसरी खोड एकच वाक्य पुनःपुन्हा लिहीत बसण्याची. मागच्या मजकुरावरून पुढचा ठरवण्याची सोय बंद केली की ती बरीच कमी होते. तिसरी, सरलीकृत (चीनमध्ये चालणारी सोपी) आणि पारंपरिक (तैवान-हाँगकाँगमधली जुनी) अक्षरांची सरमिसळ. सुरुवातीच्या सूचनेत सरलीकृत अक्षरांत, विरामचिन्हांसह, ‘पुढील वाक्ये मँडरिनमध्ये आहेत’ एवढे एक वाक्य दिले की ते त्याच वळणाने लिहू लागते. उरलेले ओपनसीसी या साधनाने एकसारखे करा, म्हणजे शोधताना एकच नाव दोन रूपांत सापडायचे नाही.

चुका मोजताना शब्द मोजू नका. चिनी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून तिथे अक्षरांमागे चुका मोजतात. शांत खोलीत वाचून दाखवलेल्या वाक्यांवर आजच्या यंत्रांची शंभरात पाच अक्षरेही चुकत नाहीत. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला माईक आणि एकदम बोलणारी तिघे अशी स्थिती आली की हे प्रमाण कितीतरी वाढते. शिवाय चुका सारख्या पसरत नाहीत. ‘आणि’, ‘मग’, ‘म्हणजे’ बरोबर येतात. चुकतात ती नावे, आकडे आणि नकार.

पायरी ४: समोच्चारांची दुरुस्ती

वेळ घालवायचा तो इथे. मँडरिनमध्ये सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणारा आवाजाचा चढउतार, बाजूला ठेवला तर साधारण ४०० अक्षरध्वनी आहेत, सुरांसह सुमारे १,३००. हजारो अक्षरे एवढ्याच ध्वनींत दाटीवाटीने बसलेली आहेत. सहामाही परीक्षा आणि वार्षिक परीक्षा यांचा उच्चार हुबेहूब एकच आहे. ‘कर्करोगावर इलाज करणारे’ आणि ‘कर्करोग निर्माण करणारे’ यांचाही एकच, सुरासकट. (कर्करोग आणि दाह यांच्या अक्षरांचे उच्चारही पूर्वी एकच होते. फुप्फुसाचा कर्करोग की न्यूमोनिया हे रुग्णाला बोलून सांगताना डॉक्टरांची पंचाईत व्हायची, म्हणून विसाव्या शतकात कर्करोगाचा उच्चार ठरवून बदलला गेला.) यंत्र संदर्भावरून निवड करते आणि बहुधा बरोबर करते, पण नावाला संदर्भच नसतो.

यावरचा उपाय जुना आहे. तैवानमध्ये ली लिन-शान, बर्लिन चेन आणि त्यांचे सहकारी २००० च्या आसपास चिनी बातमीपत्रांचा शोध आणि सारांश यांवर काम करत होते. त्यांनी शब्दांऐवजी अक्षरध्वनींच्या जोड्यांची सूची करून शोध घेतला. अक्षर चुकीचे निवडले गेले तरी ध्वनी बहुधा बरोबर असतो, हा त्यामागचा विचार. आज हेच काम पायपिनयिन या छोट्या साधनाने काही मिनिटांत होते. सगळा लिखित मजकूर पिनयिनमध्ये, म्हणजे रोमन लिपीतल्या उच्चारांत, बदला, सूर काढून टाका आणि आपल्या यादीतली नावेही तशीच करून शोधा. एकच पुरवठादार एका मजकुरात तीन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेला सापडतो. तिन्ही ठिकाणी योग्य नाव घाला. हे केले नाही तर सारांश करणारे मॉडेल त्या तीन कंपन्या समजते.

शोधताना ‘झ, च, श’ आणि त्यांची पातळ भावंडे ‘द्झ, त्स, स’ एकच धरा, कारण दक्षिण चीन आणि तैवानमधले बरेच लोक तो फरक करत नाहीत. सिचुआन, हुनानकडे ‘न’ आणि ‘ल’ मिसळतात.

ओळख करून देतानाचा भाग काळजीपूर्वक ऐका. ‘झांग’ हे आडनाव दोन वेगवेगळ्या अक्षरांपैकी एकाने लिहिले जाते, म्हणून माणसे ‘धनुष्य-लांब झांग’ किंवा ‘उभा-सकाळ झांग’ असे अक्षराचे तुकडे सांगून ओळख देतात. सारांश काढणारे मॉडेल हे निरर्थक समजून टाकून देते, आणि नाव कसे लिहायचे याचा एकमेव पुरावा जातो. तसेच ‘वांग गोंग’ हे कुणाचे पूर्ण नाव नव्हे, ते इंजिनिअर वांग. ‘ली झोंग’ म्हणजे साहेब ली, बहुधा कंपनीचे प्रमुख. आपण ‘पाटील साहेब’ म्हणतो तसेच. यादीत हे हुद्द्यासह लिहून ठेवा.

पायरी ५: आकडे

सगळे आकडे वेगळ्या कागदावर उतरवा आणि प्रत्येकाच्या जागी जाऊन कानांनी ऐका. यात सवलत नाही.

चार आणि दहा, ‘सि’ आणि ‘शि’, यांच्यात ‘स’-‘श’चा आणि सुराचा फरक आहे. बोलणारा दक्षिणेकडचा असेल तर फक्त सुराचा उरतो, आणि चौदा-चाळीसचा घोळ तिथूनच सुरू होतो.

मोठ्या संख्यांत आपली एक सोय आहे. चिनी मोजणी दहा हजारांच्या ‘वान’वर चालते आणि त्यावर दहा कोटींचा ‘यी’. इंग्रजी सारांश त्याचे मिलियन करतो, आपण मिलियनचे लाख करतो, आणि एखादे शून्य कुठेतरी गळते. थेट या: दहा वान म्हणजे एक लाख, हजार वान म्हणजे एक कोटी, एक यी म्हणजे दहा कोटी.

बोलताना शेवटचे एकक गाळतात. ‘सान वान वू’, शब्दशः ‘तीन वान पाच’, म्हणजे ३५,००० होतात, ३०,००५ नव्हेत. ‘यी बाई वू’ म्हणजे १५०. १०५ म्हणायचे असेल तर मध्ये शून्य उच्चारतात, ‘यी बाई लिंग वू’. उच्चारलेल्या संख्या अंकांत बदलणारी साधने इथे अधूनमधून फसतात. ‘दा बा झ’ म्हणजे किमतीच्या आठ दशांश पैसे द्यायचे, सूट २० टक्क्यांची. सारांशात ‘८० टक्के सूट’ दिसली की समजून जा. दहा*ने* वाढले आणि वाढून दहा*वर* गेले यांत चिनीत ‘ल’ आणि ‘दाओ’ एवढ्या एका अक्षराचा फरक आहे, आणि वेगात बोलताना तो विरतो. वजनातला एक ‘जिन’ मुख्य भूमीवर ५०० ग्रॅमचा, तैवानमध्ये ६०० ग्रॅमचा.

तारखांत एकच सापळा मोठा आहे. ‘न्येनहोउ पाहू’ असे कुणी म्हटले तर ते वर्षानंतर नव्हे, चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर. तो दिवस चांद्र पंचांगाप्रमाणे हलतो: २०२५ मध्ये २९ जानेवारी, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी. टिपणात खरी तारीख काढून लिहा.

पायरी ६: विषयांचे तुकडे

एका तासाच्या बोलण्याची साधारण १२ ते १८ हजार अक्षरे होतात. आजची मोठी मॉडेले एवढा मजकूर एका घासात घेतात, पण सुरुवात आणि शेवट नीट सांगून मधले पुसट करतात. म्हणून १० ते १५ मिनिटांचे तुकडे करा. घड्याळ पाहून कापू नका, विषय बदलतो तिथे कापा. ‘बरं, पुढचा मुद्दा’ अशा अर्थाची वाक्ये, लांब शांतता, नवा बोलणारा या खुणा पुरतात. दोन तुकड्यांत एखाद्या मिनिटाचा मजकूर सामाईक ठेवा.

पायरी ७: सारांश

आधी निवडा, मग लिहा. पहिल्या फेरीत मॉडेलला प्रत्येक तुकड्यातली महत्त्वाची वाक्ये जशीच्या तशी, वेळ आणि बोलणाऱ्यासह उचलायला सांगा. नवे वाक्य रचायला बंदी. या वाक्यांवर बोट ठेवून मूळ आवाज ऐकता येतो, हा मोठा फायदा. दुसऱ्या फेरीत फक्त निवडलेल्या वाक्यांवरून सारांश लिहवून घ्या. क्वेन किंवा डीपसीक यांसारखी, चिनीवर भरपूर पोसलेली आणि स्वतःच्या संगणकावर चालवता येणारी मॉडेले याला चांगली. सूचना चिनीतच लिहा, आणि त्यात एवढे तरी सांगा: ठरलेले, सुचवलेले आणि नाकारलेले वेगळे ठेव, मजकुरात नसलेले कारण जोडू नको, संदिग्ध असेल तर संदिग्ध म्हणूनच लिही, प्रत्येक ओळीला वेळ दे.

बातमी आणि बैठक यांना एकच साचा लावू नका. बातमीत सार पहिल्या वाक्यांत असते. बैठकीत निर्णय विषयाच्या शेपटाला येतो, आणि कधी चहाला उठता उठता. जुनी छोटी चिनी मॉडेले बहुतेक २०१५ च्या एलसीएसटीएस या, वेइबो या चिनी समाजमाध्यमावरच्या २४ लाख छोट्या मजकुरांच्या संग्रहावर शिकलेली आहेत. त्यांना बैठक दिली तर मथळा मिळतो, सारांश नाही. बैठकांवर सराव करायचा असेल तर २०२३ चा व्हीसीसम हा संग्रह घ्या. त्यात २३९ खऱ्या बैठका आहेत.

आता होकाराविषयी, कारण निर्णयांची यादी इथेच बिघडते. ‘दुई, दुई, दुई’ हे आपल्या ‘हं, हं’सारखे ऐकत असल्याची पावती असते. मॉडेल त्याला संमती धरते. ‘येनजिउ येनजिउ’, म्हणजे अभ्यास करून पाहू, हे आपल्या ‘बघू या’इतकेच बांधील. सारांशात ‘पुरवठादार या मागणीचा अभ्यास करेल’ असे काम त्यांच्या नावावर पडते आणि आपण महिनाभर वाट पाहतो. नकारार्थी प्रश्नाचे उत्तर चिनीत आपल्यासारखेच येते: ‘या आठवड्यात माल निघणार नाही का?’ ‘हो’, म्हणजे निघणार नाही. इंग्रजीमार्गे गेलात तर ते ‘हो, निघेल’ होण्याची भीती असते. सारांश चिनीतच काढा म्हणतो त्याचे हे एक कारण.

पायरी ८: पडताळणी

अनेक फाइलींवर पद्धती पडताळायच्या असतील तर २००४ पासून रूढ असलेले रूज हे मोजमाप वापरतात; यंत्राचा सारांश माणसाने लिहिलेल्या सारांशाशी किती जुळतो ते त्यात मोजतात. एक इशारा: त्याची एक बरीच वापरली जाणारी आवृत्ती रोमन अक्षरे आणि अंक सोडून सगळे गाळते, त्यामुळे चिनी सारांशाला शून्य गुण पडतात आणि माणूस मॉडेलला दोष देत बसतो. प्रत्येक चिनी अक्षर वेगळे धरणारी मांडणी करून घ्या.

रोजच्या कामाला मात्र गुणांचा उपयोग नाही. प्रत्येक ओळीची वेळ उघडा आणि आधीपासून साधारण २० सेकंद ऐका. आकडे, नावे आणि ‘बू’, ‘मेई’ हे नकार जुळवा. वेळ दिलेल्या जागी ते वाक्य नसेलच तर ओळ खोडा, शोधत बसू नका. शेवटी उलटी तपासणी: सारांशात एकही ओळ नसलेले दहा-पंधरा मिनिटांचे पट्टे शोधा आणि तिथे खरोखर गप्पाच होत्या का ते ऐका.

पायरी ९: मराठी

आता भाषांतर, आणि लगेच एक पेच. चिनीत तो, ती, ते तिन्हींचा उच्चार ‘ता’. लिहिताना अक्षरे वेगळी असतात, पण यंत्राने निवडलेले अक्षर हा निव्वळ अंदाज असतो. इंग्रजीत चुकले तर एक सर्वनाम चुकते. मराठीत ‘म्हणाला’, ‘येणार होती’ अशी क्रियापदे आणि कधी विशेषणेही चुकत जातात. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला यंत्र बहुधा पुरुष ठरवते. सर्वनामाऐवजी आडनाव आणि हुद्दा वापरा, क्रियापद आदरार्थी ठेवा: ‘इंजिनिअर वांग यांनी सांगितले’. पुरुष की स्त्री हे कळले नसले तरी वाक्य बरोबर राहते.

चिनी नावांत आडनाव आधी येते, तोच क्रम ठेवा. नावांच्या देवनागरीसमोर टिपणाच्या शेवटी एकदाच चिनी अक्षरे द्या, म्हणजे पुढच्या वेळी खास शब्दांची यादी तयार असेल. रकमा युआनमध्येच ठेवा. रुपये लिहायचेच असतील तर कोणत्या दिवसाचा दर धरला ते सोबत लिहा. ‘बोली, अस्पष्ट’ म्हणून वगळलेल्या जागाही वेळेसह टिपणाच्या तळाशी नोंदवा. वाचणाऱ्याला त्या ऐकवून घ्याव्याशा वाटल्या तर कुठे शोधायचे ते कळेल.